बाबलचं झिंक

"दादा, हंय ये आणि माझा झिंक बघ," बाबल आपल्या लाँचखालून ओरडला. "जसा लावलेलंय, तसाच्या तसा आसा."

मी माझ्या लाँचखाली वाळूत उताणा पडून माझं झिंक शोधत होतो.

मागच्या नारळी पुनवेला मी सहा वड्या लावल्या होत्या. प्रत्येक वडी दोन साबण एकावर एक ठेवल्यासारखी जाड, वर उठावाच्या अक्षरांत कंपनीचं नाव. आता, मे महिन्यात लाँचा वाळूवर ओढल्यावर, चार जागी नुसते बोल्ट होते, आणि दोन बोल्टांवर धर्मशाळेच्या न्हाणीघरात उरते तशी एकेक चिपटी.

"बघतंस मां?" बाबल म्हणाला. "वयली अक्षरासुद्धा वाचूक येतत."

ज्यांनी कधी खाऱ्या पाण्यात लोखंड ठेवलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. समुद्र लोखंड खातो. पण त्याच लोखंडाला जस्ताची वडी घट्ट बसवली, तर तो आधी जस्त खातो आणि तोवर लोखंडाकडे बघत नाही. या वडीला सगळे झिंकच म्हणतात. झिंकचं काम मरायचं. झिजलं तर त्याने नोकरी केली. कोरं करकरीत राहिलं तर ते कामावरच आलेलं नाही.

ही विद्या आमच्या खाडीत मी आणली. मी बी.एस्सी., केमिस्ट्री, सेकंड क्लास. बाबल नववीत दोनदा बसला आणि दोन्ही वेळा उठून आला. आम्ही दोघेही मयेकर; तो माझा चुलतभाऊ, माझ्याहून तीन महिन्यांनी लहान, म्हणून मला दादा म्हणायचा. तेही मनापासून. म्हणजे त्याबद्दलही तक्रार करायची सोय नव्हती.

वेळणे ते कातळी अशी ती खाडी, आणि तिच्यात फेरी मारणाऱ्या लोखंडी लाँचा दोनच. माझी 'शारदा', त्याची 'मत्स्यगंधा'. फेऱ्या वाटून घेतलेल्या होत्या. सकाळची पहिली त्याची आणि संध्याकाळची शेवटचीही त्याचीच. कातळीच्या कोळणी पहाटे त्याच्याच लाँचने बाजाराला जायच्या आणि आमच्या शाळेच्या मास्तरीण बाई शेवटच्या फेरीने घरी. मला मधल्या फेऱ्या. मधल्या फेऱ्यांना शेळ्या आणि सिमेंटच्या गोणी येतात. वाटणी चिठ्ठ्या टाकून झाली होती आणि चिठ्ठी मीच उचलली होती, पण त्याने काही फरक पडत नाही.

तीन वर्षांपूर्वी मीच बाबलला दोन झिंकं लावायला लावली. त्याने ती लावली आणि नारळी पुनवेच्या आदल्या दिवशी ब्रश घेऊन त्यांच्यावर लाल रंगाचे दोन हात मारले. आमच्याकडे नवीन वस्तू रंगाशिवाय पाण्यात उतरवत नाहीत. वल्ह्यालासुद्धा निदान एक पट्टा ओढतात. बाबलच्या मते झिंक नागडं सोडणं बरं दिसत नव्हतं.

रंग मारलेलं झिंक म्हणजे तोंड बांधलेला कुत्रा. राखण कसली करणार? मी हे सांगायला तोंड उघडलं. तेवढ्यात मास्तरीण बाई वाळूतून चालत आल्या आणि म्हणाल्या, "बाबल, तुझी लाँच म्हणजे अगदी नवरी दिसते हो." मग मी शेजारी उभ्या असलेल्या माझ्या लाँचकडे बघितलं. तिला रंगाचा एकच हात होता, कारण माझा भर शास्त्रावर होता. बाईंनी तिच्याकडेही पाहिलं आणि काही म्हणाल्या नाहीत.

मी तोंड मिटलं.

म्हटलं, एक वर्ष जाऊ दे. पुढच्या मे महिन्यात नवरीच्या बुडाला चाळणीसारखी भोकं पडलेली दिसली की सांगू.

पुढच्या मे महिन्यात मी त्याच्या लाँचखाली सरपटत गेलो. एक ठिपका नव्हता. त्याच्या पुढच्या मे महिन्यातही नाही. आणि माझी झिंकं मात्र दर वर्षी लवकर संपत होती. हा तिसरा मे. मी कोपरांवर सरकत त्याच्या लाँचखाली गेलो आणि बॅटरीच्या उजेडात बोट फिरवून पाहिलं. पत्रा गुळगुळीत. मागच्या नारळी पुनवेआधी त्याने लाँच ढकलणारा नवा पितळी पंखा बसवला होता, माझ्या पंख्याच्या दीडपट मोठा. तोही चकचकत होता.

"कसा काय रे?" मी विचारलं.

"रंग," बाबल म्हणाला. "रंग मारलो की झिंक टिकता."

वाईट हे की बंदरावरच्या सगळ्यांना ते पटलं होतं. माझं बघून आपल्या होड्यांच्या सुकाणूंना झिंक लावणारे तिघं मच्छीमार त्या आठवड्यात माझ्याकडे येऊन गेले. तुमचा झिंक संपता, बाबलचा रवता, तर आम्ही रंग कुठचो मारूचो, लाल की काळो? मी म्हटलं, ते बाबललाच विचारा. त्यांनी खरंच विचारलं.

*

त्याच शुक्रवारी बंदर खात्याचं पत्र आलं. दोघांनाही एकच मजकूर. पुढच्या वर्षापासून या खाडीत एकाच लाँचला परवाना राहील. पुढच्या मे महिन्यात लाँचा वर काढल्या की सर्व्हेअर येईल, बूड तपासेल, आणि जिचं बूड जास्त चांगलं तिला परवाना.

म्हणजे पुढच्या मे महिन्यानंतर आमच्यातला एक जण लाँचवाला राहणार होता आणि दुसरा नुसता मयेकर.

"तुम्हाला नक्की कशाचं वाईट वाटतंय?" माझी बायको वृंदा जेवताना म्हणाली. ती चिपळूणची, सरळ विचारायची. "आपलं झिंक गेलं याचं, की भावोजींचं राहिलं याचं?"

"शास्त्राच्या दृष्टीने प्रश्न आहे हा."

"मग शास्त्राच्या दृष्टीने आमटी घ्या."

मी कॉलेजची वही काढली. आठ दिवस वाचली. तीत कुठेही बाबल नव्हता.

उत्तर मिळालं ते वहीत नाही. बाबलची लाँच पाण्यात असताना माझ्या लाँचला घासत असणार, असा मला संशय होता, आणि घासल्याची खूण सापडली तर निदान त्याच्यावर भांडता येईल म्हणून मी लाँचच्या कठड्याजवळचे, बांधायचे लोखंडी खुंट तपासत होतो. माझ्या खुंटावर एक जागा चांदीसारखी चमकत होती. रंग नाही, गंज नाही, उघडं लोखंड. मग मी त्याच्या लाँचवर चढलो. त्याच्याही खुंटावर तशीच जागा.

तिथे साखळी बसायची.

आमच्या आजोबांची ती साखळी. त्यांच्या काळात घरात एकच होडी होती, पुढे दोन मुलांच्या दोन झाल्या. म्हाताऱ्याने सांगून ठेवलं होतं की होड्या कितीही होवोत, संध्याकाळी एका साखळीला बांधायच्या. तेव्हा होड्या लाकडाच्या होत्या. लाकडाला साखळी बांधली काय आणि सुंभ बांधला काय. पण लाँचा लोखंडी झाल्या, साखळी तीच राहिली, आणि रोज रात्रभर उघडं लोखंड उघड्या लोखंडाला धरून पडू लागलं. साखळी असेपर्यंत समुद्राच्या लेखी ती एकच मोठी लाँच होती, आणि त्या लाँचला सहा झिंकं होती.

माझी सहा.

मी बाबलच्या कठड्यावर बसून राहिलो. तीन वर्षं माझं झिंक बाबलची लाँच सांभाळत होतं. त्याची लाल रंगातली दोन पहिल्या दिवसापासून रजेवर होती. तो वाचला होता माझ्यामुळे, आणि मिशीला पीळ देत होता रंगामुळे.

हे मी त्याला सांगायला हवं होतं. खाली वाळूत तो तिघा मच्छीमारांना रंग किती पातळ करायचा ते दाखवत होता. एक जण म्हणाला, "तुझो भाऊ बी.एस्सी. ना रे?" आणि बाबल माझी बाजू घेऊन म्हणाला, "हुशार आसा तो. फक्त हाताक येस नाय."

मी खाली उतरलो आणि तसाच घरी गेलो.

*

नारळी पुनवेला लाँचा पाण्यात गेल्या. नारळ वाहून झाला, बायका परतल्या, आणि बाबलने सवयीने साखळी उचलली.

"ऱ्हव दे ती," मी म्हटलं. "मी नायलॉनचो दोर हाडलंय."

"दोर कित्याक?"

"साखळी रंग खरवडता. तुझो, माझो."

"खरवडूंदे. परत मारुया." साखळी त्याच्या दोन्ही हातांत होती. "आजोबांनी सांगलेला, दोन घरां झाली तरी साखळी एकच."

"आजोबांक परवानो लागत नव्हतो."

बाबलने साखळीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "तू म्हणतंस तर तसा," तो म्हणाला. "तू शिकलेलो." आणि त्याने साखळीचं वेटोळं करून आपल्या लाँचच्या पुढच्या खणात ठेवलं, म्हाताऱ्या माणसाला गाडीत बसवावं तसं.

त्या वर्षी मी झिंकच्या दोनच वड्या लावल्या. आता फक्त माझ्यापुरतं बघायचं होतं. हिशेबाने दोन माझ्या बुडाला वर्षभर पुरून उरत होत्या. चार वड्या घरी फडताळात राहिल्या. वृंदाने विचारलं तर म्हटलं, यंदा गरज नाही.

मी कुणाचं काही वाकडं केलं नव्हतं. एक साखळी सोडली होती. बाबलच्या झिंकला रंग बाबलनेच मारला होता. त्याच्या लाँचमध्ये रोज चाळीस माणसं बसायची हे खरं, पण सर्व्हेअर मे महिन्यातच येणार होता, आणि नऊ महिन्यांत पत्रा पातळ होईल, फुटणार नाही, असा माझा अंदाज होता. मास्तरीण बाई संध्याकाळच्या फेरीने जात तेव्हा मी धक्क्यावरून त्यांना म्हणायचो, "बाई, मधल्या फेरीने चला की." त्या म्हणायच्या, "तुमच्याकडे शेळ्या असतात."

एवढं मी त्यांना सावध केलं होतं.

ते नऊ महिने मी फार सुखात काढले. दुपारी शेवटची शेळी उतरवली, लाँच नायलॉनच्या दोराने बांधली, की धक्क्यावर उभं राहून मी 'मत्स्यगंधा'ची वाट बघायचो. ती लांबून यायची, लाल, भरलेली, बायका हसतायत, बाबल सुकाणूवर. पूर्वी ते बघितलं की माझं जेवण अर्ध्यावर राहायचं. आता मी पाण्याखालच्या भागाचा विचार करायचो आणि घरी जाऊन दोन घास जास्त जेवायचो. वृंदा म्हणायची, तब्येत सुधारली तुमची.

*

मे महिन्याच्या उधाणाला लाँचा वर आल्या. दुसऱ्याच दिवशी सकाळी सर्व्हेअर आला. टेंबूलकर नावाचा बारीक माणूस, खांद्याला पिशवी, पिशवीत हातोडी. बाबलने त्याच्यासाठी शहाळं फोडून ठेवलं होतं. मी तेही करायचं विसरलो होतो.

"आधी कुठली?" टेंबूलकर म्हणाले.

"हेची," मी म्हटलं. "बाबलची."

मला बघायचं होतं.

टेंबूलकर खाली वाकले आणि हातोडी ठोकू लागले. चांगला पत्रा टणटण वाजतो, खाल्लेला पत्रा भोपळ्यासारखा. मी कान देऊन उभा होतो. टण. टण. टण. पुढून मागे, टोकापासून पंख्यापर्यंत. टण.

"उत्तम आहे," टेंबूलकर म्हणाले. "झिंकं रंगवलीत का? ती रंगवायची नसतात."

"टिकतत साहेब रंगान," बाबल म्हणाला.

टेंबूलकरांनी एकदा झिंककडे पाहिलं, एकदा पत्र्याकडे, आणि वाद घालण्यासारखं काही न सापडल्यामुळे ते माझ्या लाँचकडे वळले. मी अजून बाबलच्या लाँचच्या बुडाकडे बघत होतो. हे शक्य नव्हतं. मी साखळी सोडली होती.

माझ्या मागे हातोडी वाजली. टण. टण. धप. मग वेगळाच आवाज आला, पापड मोडल्यासारखा, आणि टेंबूलकर म्हणाले, "अरेरे."

हातोडीचं डोकं माझ्या लाँचच्या आत गेलं होतं.

बाबल आधी गुडघ्यांवर बसला, मग मी. पंख्याजवळचा पत्रा वहीच्या पानासारखा झाला होता. दोन्ही बोल्ट जागेवर होते. झिंकची चिपटीसुद्धा नव्हती. दिवाळीलाच संपलं असणार.

"दादा," बाबल हळूच म्हणाला, "दोनच लावलेलंस?"

मी उठलो, शिडीने वर चढलो आणि खुंट पाहिला. नऊ महिने नायलॉन बांधलेल्या खुंटावर गंज हवा होता. ती जागा चांदीसारखी चमकत होती.

"बाबल," मी वरून म्हटलं. "साखळी कोणी अडकवल्यान?"

तो पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागला. "मी," म्हणाला. "रोज. शेवटची फेरी मारून इलंय की अडकवतंय, सकाळी पयल्या फेरीक सोडतंय. तू रागावशीत म्हणान सांगूक नाय."

"कित्याक पण?"

"आजोबांची साखळी ती." टेंबूलकरांसमोर त्याला पुढचं बोलायचं नव्हतं. "आणि तुझा झिंक दर वर्साक संपता. माका वाटला, तुझी लाँच आतसून अशक्त झालीहा. माझी धडधाकट. म्हटलंय, रातची तिच्या आधारान ऱ्हवात."

मी शिडीवरच होतो. कोणी शिडी काढून घेतली असती तरी मला समजलं नसतं.

माझी दोन झिंकं दोन लाँचांना पुरली नव्हती. ती संपल्यावर पाण्याने उघडं लोखंड शोधलं. त्याच्या लाँचला रंगाचे चार थर होते, माझ्या लाँचला शास्त्राचा एक. त्यातून साखळीच्या पलीकडे तो भलामोठा पितळी पंखा. पितळ शेजारी असलं की लोखंड दुप्पट वेगाने खपतं, हे पहिल्या वर्षाच्या पुस्तकात आहे. चार वड्या आमच्या फडताळात नवीकोरी अक्षरं मिरवत बसल्या होत्या.

टेंबूलकर फॉर्म भरायला बसले. "परवाना 'मत्स्यगंधा'ला," म्हणाले. "नाव सांगा मालकाचं."

"साहेब," बाबल म्हणाला, "लाँच एकच होयी असा पत्रात आसा. मालक किती होये, ता लिवलाहा?"

"ते नाही लिहिलेलं."

"मगे दोन नावां घाला. पयला विद्याधर मयेकर घाला, तो थोरलो."

"तुम्ही दोघे मालक आहात?"

"आजपासून," बाबल म्हणाला आणि त्यांच्या हातात शहाळं दिलं.

या ठिकाणी माझे डोळे भरून आले आणि मनातला सगळा मळ धुऊन निघाला, असं लिहिलं तर गोष्ट नीट होईल. डोळे भरलेही होते. पण त्या क्षणी माझ्या मनात आलं ते एवढंच: हेसुद्धा यालाच सुचलं.

*

याला आता एकोणीस वर्षं झाली. 'शारदा' भंगारात गेली. सकाळची पहिली फेरी मी मारतो, शेवटची बाबल. मास्तरीण बाई निवृत्त झाल्या. माझ्या फेरीने त्या कधी घरी गेल्या नाहीत. संध्याकाळी 'मत्स्यगंधा' एकटीच असते, पण बाबल तिला साखळीनेच बांधतो. साखळीचं दुसरं टोक धक्क्यावरच्या लाकडी खांबाला असतं.

मी त्याला काही सांगितलेलं नाही. त्या वर्षी बंदरावरच्या बाकीच्यांच्या झिंकांवरचा रंग मात्र मी एकेकाच्या होडीखाली जाऊन खरवडून आलो. कारण विचारलं तर म्हणालो, कॉलेजात असंच शिकवतात. त्यांनी खरवडू दिलं, बिचारा लाँच गेल्यामुळे बिथरलाय म्हणून.

दर मे महिन्यात 'मत्स्यगंधा' वर आली की मी तिच्याखाली शिरतो. फडताळातल्या चार वड्या पहिल्याच वर्षी तिला लावल्या. त्या झिजल्या, तशा दर वर्षीच्या झिजतात. मी बोल्ट सोडवून चिपट्या काढतो, नव्या वड्या बसवतो, आणि रंगाचा ब्रश चुकूनही लागू नये म्हणून त्यांच्यावर वर्तमानपत्र चिकटवतो. बाबल बाहेर वाळूत बसलेला असतो. चार माणसं जमलेली असतात. मी चिपट्या बाहेर टाकतो, तो त्या तळहातावर घेऊन सगळ्यांना दाखवतो.

"माझ्या हातचा झिंक तीन-तीन वर्सा टिकायचा," तो म्हणतो. "अक्षरा वाचूक येयत. हेच्या हातात गेला आणि बघा. दादा, बी.एस्सी. झालंस, पण झिंक टिकवूक काय तुका येवक नाय."

सगळे हसतात.

मी पत्र्यावरून बोट फिरवत असतो. एक ठिपका नसतो.

"नाय येवक," मी खालून म्हणतो. "पुढची वडी दी."